पाचवं गाणं खिडकीपाशी

तांदळाच्या वखारीवर ती माडी. सत्तावीस पायऱ्या. एके काळी पोक्कर पाठीवर पंचाहत्तर किलोचं पोतं घेऊन असल्या पायऱ्या सकाळपासून दुपारपर्यंत चढायचा आणि वर पोचला की दम घ्यायच्या ऐवजी विडी ओढायचा. आज हातात पाच कॅसेटींची एक पिशवी, आणि तरी तेराव्या पायरीला गडी बसला.

बसला तो बसलाच. खाली वलियंगाडीचा बाजार रविवार म्हणून बंद. फळ्या लावलेल्या, हातगाड्या उताण्या करून ठेवलेल्या, एक मांजर खोबऱ्याच्या पोत्यावर ताणून दिलेलं. बाजार बंद असला तरी कावळ्यांचा गोंगाट असतोच, समुद्र इतका जवळ. पण पोक्करला कावळे ऐकू येईनात. चोची उघडताना दिसायच्या, तेवढंच. डावा कान जाऊन आठ वर्षं झाली होती. उजवा गेल्या पावसाळ्यापासून निघाला होता. बेपारी दुकान आवरतो ना, तसा. आधी बारीक माल आत घेतला, मग मोठा, आता नुसती फळी लावायची बाकी.

सकाळी पोरगी, सैनबा, दारात उभी राहून सांगत होती, "उप्पा, कानाचं मशीन लावून जा की. माणसं काय म्हणतील याची एवढी काळजी कशाला?"

ओठांवरून कळलं त्याला. ओठ वाचायला तो आपोआप शिकला होता. "ते मशीन," तो म्हणाला, "त्यात गाणं म्हणजे पत्र्यावर तांदूळ ओतल्यागत वाटतं. त्यापेक्षा बहिरा बरा."

"मग सांगून तरी टाका त्यांना."

पिशवी घेतली आणि निघाला.

सांगून टाका म्हणे. त्या माडीवर पोक्कर म्हणजे कोण होता हे पोरीला काय ठाऊक. हमालांनी काढलेला गाण्याचा क्लब तो, चाळीस वर्षांचा. दर रविवारी दुपारी अकरा-बारा म्हातारे जमतात, आणि पोक्कर त्या क्लबाचा कान. अगदी तसंच म्हणायचे, "कानाला विचारा." कुणी नवी कॅसेट आणली, कुणाच्या मेहुण्याने आखातातून टेप पाठवली, की पोक्करने ऐकायची. फीत ताणलेली आहे का, नकलेची नक्कल आहे का, गाणं आपल्या मूळ चालीत चालतंय का लंगडतंय, हे त्याने सांगायचं. त्याने मान हलवली तर कॅसेट कपाटात, नाही तर आणणाऱ्याच्या खिशात परत. असा माणूस बहिरा झाला म्हटल्यावर राहिलं काय? सुलैमानी चहाचे पेले विसळायला बसवतील. वर पुन्हा दया करतील. पोक्करने मनाशी ठरवून टाकलं होतं. आजची आपली पाळी कुणाला न कळता पार पडली तर पडली. पकडलो गेलो तर ह्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. घरी बसायचं, भिंतीकडे बघत.

आणि खरं सांगायचं तर लपवून लपवून तो थकला होता. पोत्यांनी नव्हता थकला एवढा. पोतं निदान उतरवता तरी येतं.

तेरा पायऱ्या झाल्या होत्या, चौदा राहिल्या होत्या. उठला आणि चढला.

वर सगळे आलेलेच होते. चातुकुट्टी नेहमीच्या जागी, मशीनसमोरच्या बाकड्यावर, पाय वर घेऊन. हा चातू म्हणजे पोक्करचा तीस वर्षांचा जोडीदार. लॉरीवर उभा राहून पोतं द्यायचा तो चातू आणि खाली पाठ द्यायचा तो पोक्कर. पोतं नीट बसलं की चातू खांद्यावर दोन टिचक्या मारायचा, म्हणजे चल. वखारीत पोतं उतरलं की तिथला गडी पाठीवर एकच थाप द्यायचा, म्हणजे मोकळा झालास. बोलायला दम कोणाजवळ असतो? सगळा धंदा ह्या टिचक्या-थापांवर चालायचा.

"आलं का वऱ्हाड," चातू म्हणाला. "आम्हाला वाटलं जिन्यातच संसार मांडलास."

"तुझ्यासारखं उडत यायला मी काय रिकामं पोतं आहे?"

"पोतं भरलेलंच आहेस. नुसता कोंडा."

माणसं हसली. पोक्करने हसणं डोळ्यांनी मोजलं आणि तोही हसला.

मशीन अलवीच्या ताब्यात. अलवी रेडिओ दुरुस्तीवाला, पन्नाशीचा, त्यामुळे तिथला सगळ्यात तरणा. मोठं टेप-डेक, त्याच्यावर काचेच्या आत हलणारा काटा, आवाज चढला की काटा उजवीकडे उडी मारतो. आणि स्पीकर म्हणजे फणसाच्या लाकडाचं कपाटच, माणसाच्या छातीएवढं उंच, एका सुताराने क्लबासाठी फुकट करून दिलेलं. "इक्का, द्या इकडे," अलवी थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. त्याने कॅसेटी ओळीने मांडल्या.

क्लबाचे नियम थोडे, पण लोखंडी. ज्याची पाळी त्याने पाच गाणी आणायची, पाचही वेगवेगळ्या जातीची. का आवडतात ते सांगायचं नाही, सांगितलं की गाणं उष्टं होतं. गाणं सुरू झालं की बोलायचं नाही, उठायचं नाही, पेला खाली ठेवायचा नाही. एकदा गाणं चालू असताना एकाच्या लुंगीवर विडीचा निखारा पडला तरी तो हलला नव्हता. आणि शेवटचा नियम असा, की पाचव्या गाण्याला पाळीवाल्याने मशीनपासून उठून पार टोकाला, खिडकीपाशी जाऊन बसायचं. आपलं सगळ्यात लाडकं गाणं माणसाने पाहुण्यासारखं ऐकावं, मालकासारखं नाही. क्लब ज्यांनी काढला त्यांनी घालून दिलेली रीत.

चार गाण्यांची पोक्करला चिंता नव्हती. त्याने युक्ती केली होती. गुडघे दुखतात म्हणून उभ्यानेच स्पीकरला टेकायचं, आणि तळवा फणसाच्या लाकडावर सपाट ठेवायचा. गाणं हातातून वर यायचं. सगळं नाही, पण ठेका येतो, खालचे सूर येतात, आणि उरलेलं आपल्याजवळ असतंच. पन्नास वर्षं ऐकलेल्या गाण्याला कान कशाला हवा, नुसती आठवण जागी करून द्यायला काहीतरी हवं.

पहिलं लावलं ते लढाईचं माप्पिळा गाणं, तिथल्या मुसलमानांचं. एका दमात चार ओळी, मध्ये श्वास नाही. हे गाणं तो बंदरात शिकला होता. एका ओळीला एक पोतं, असा माल उतरवायचे. गाण्यात घोडे दौडायचे आणि खाली हमाल. गाणाऱ्याचा दम संपत आला की कळायचं, आता लॉरी रिकामी होणार. आजही तळव्याखाली घोडे आले तसे पोक्करचे खांदे आपसूक पुढे झाले.

दुसरं नाटकातलं. संपाच्या दिवसांत उघड्या मैदानावर झालेलं नाटक, त्यातली बाई होडीवाल्याला हाक मारते, पलीकडे ने म्हणून. ज्या दिवशी ध्वनिमुद्रण झालं त्या दिवशी बाईला पडसं होतं. आवाज नाकात अडकलेला. पुढे तेच गाणं दहा जणींनी मोकळ्या नाकाने गायलं, पण होडीवाला काही त्यांच्यासाठी थांबला नसता. पडसं झालेली बाई काठावर भिजत उभी आहे हे त्या एकाच आवाजात कळायचं.

तिसरं हिंदी सिनेमाचं. पोक्करला हिंदी येत नाही. वीस वर्षं तो समजत होता, की कुणी माणूस बायकोच्या पत्राची वाट बघतोय. मग कापडवाल्या गुजराती शेटने सांगितलं, अरे बाबा, दारू प्यालेला माणूस आहे, त्याला स्वतःचं घर सापडत नाही. पोक्करला दोन दिवस वाईट वाटलं, नंतर गाणं जास्तच आवडायला लागलं. घर न सापडणं त्याला पत्रापेक्षा जास्त कळत होतं.

चौथं म्हणजे गाणंही नव्हे, नुसतं नादस्वरम आणि ढोल. तळीच्या देवळातल्या उत्सवात ते त्याने पहिल्यांदा ऐकलं, देवळाच्या भिंतीबाहेर उभं राहून, कारण आत जायची त्याला मुभा नव्हती. चातू आत गेला होता. दहा मिनिटांत बाहेर आला आणि भिंतीला पाठ लावून शेजारी उभा राहिला. "आत फार गर्दी आहे," म्हणाला. गर्दी आतल्यापेक्षा बाहेरच जास्त होती. दोघांनी पहाटेपर्यंत भिंतीबाहेर ऐकलं. आज तळव्याला ढोल असा लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या.

चारही गाण्यांना त्याने जिथे मान हलवायची तिथे हलवली, जिथे हात उचलायचा तिथे उचलला. माणसं खूश. चातूने नुसतं बघितलं, काही बोलला नाही. हे जरा वेगळं होतं, कारण चातू न बोलता बसतो म्हणजे पोटात काहीतरी असतं.

"इक्का, पाचवं," अलवी म्हणाला आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

इथेच घोडं पेंड खाणार होतं. खिडकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिथे लाकूड नाही, ठेका नाही, काही नाही. म्हणून तर पोक्करने पाचवं गाणं विचार करून निवडलं होतं. ह्याच खोलीत पंचवीस वर्षांपूर्वी टेप केलेलं. कुंजावा म्हणून एक माणूस होता, मासळीच्या धक्क्यावर बर्फ फोडायचा. बोटं बर्फाने वाकडी झालेली, त्या वाकड्या बोटांनी पेटी वाजवायचा. त्याने त्या दिवशी स्वतः बांधलेलं एक साधं गाणं म्हटलं. तू येशील तेव्हा दिव्यात तेल असेल की नाही सांगता येत नाही, पण दार उघडं असेल, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वर्षी कुंजावा गेला. त्याचं हे एकच गाणं राहिलं, आणि त्यातही दुसरं कडवं संपून धृपद यायच्या आधी, जिथे त्याने सुंदर थांबा घेतलाय, तिथे चातुकुट्टी खोकलाय. चांगला जोरात. पंचवीस वर्षं क्लब चातूला त्या खोकल्यावरून पिडत आला. पण खोकला नसता तर ते गाणं आता कुणाला पूर्ण वाटलं नसतं.

हे गाणं पोक्करला श्वासासकट पाठ होतं. बाहेरून काही आलं नाही तरी आतून येणार होतं. डोळे मिटायचे, गुडघ्यावर बोट चालवायचं, चार मिनिटांनी उघडायचे. झालं, सुटलो.

स्पीकरपासून तो खिडकीकडे निघाला. मध्ये लुंगीला काहीतरी अडकल्यासारखं झालं. त्याने पाय झटकला आणि पुढे गेला. पोत्यांखाली चाळीस वर्षं दबलेल्या पायांना असलं बारीकसारीक कळत नाही. खुर्चीवर बसला. अलवीने बटण दाबलेलं दिसलं. कॅसेटची चाकं फिरायला लागली. पोक्करने डोळे मिटले.

पेटी आली. वाकड्या बोटांची, एक सूर किंचित उशिरा देणारी. खालून हातगाडी गेल्याचा आवाज आला, तो टेपमध्येच आहे. मग कुंजावाने घसा न साफ करता गायला सुरुवात केली, जशी माणसं घरात बोलता बोलता गातात तशी. पोक्करचं बोट गुडघ्यावर चालायला लागलं. पहिलं कडवं, धृपद. दुसरं कडवं जरा वर जातं, तिथे त्याने हात छातीपर्यंत नेला आणि हळूहळू खाली आणला. कित्येक महिन्यांत त्याने इतकं चांगलं ऐकलं नव्हतं. अंगातला शीण उतरत चालला होता. आता थांबा. आता खोकला.

सवयीने त्याने डोळे किलकिले केले. पंचवीस वर्षं खोकला आला की तो चातूकडे बघून डोळा मारायचा.

चातू बाकड्यावर बसला होता. तोंडापुढे मूठ धरून तो खोकत होता.

आता चातू खोकतो तो टेपमध्ये. खोलीत तो कधी खोकला नव्हता, पंचवीस वर्षांत एकदाही नाही, त्या ठिकाणी तर शपथ घातल्यासारखा गप्प बसायचा. पोक्कर बघतच राहिला. मग त्याची नजर खाली गेली. काळी वायर जमिनीवर आडवी पडली होती, आणि तिचं टोक, पितळी पिनसकट, त्याच्याच डाव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं होतं. स्पीकरमागचं भोक रिकामं.

म्हणजे खोलीत आवाजच नव्हता. पहिल्यापासून नव्हता. डेकमध्ये चाकं फिरत होती, काटा उड्या मारत होता, आणि अकरा माणसं गप्प बसून पोक्करच्या बोटाकडे बघत होती. कुणी हसत नव्हतं. कुणी उठलं नव्हतं. म्हाताऱ्या वेलायुधनच्या हातातला पेला तसाच अधांतरी धरलेला.

पोक्करच्या मनात आलं, उठावं, पिशवीही राहू द्यावी, सरळ जिना उतरावा. पण गाणं चालू होतं. कुंजावाचं धृपद आता येणार होतं, आणि त्या माडीवर गाणं चालू असताना कोणी उठत नाही. मग त्यालाच कसं उठता येणार? त्याने डोळे परत मिटले. बोट पुन्हा गुडघ्यावर चालायला लागलं. तिसरं कडवं, मग पुन्हा ते दार, दिवा, आणि पेटीचा शेवटचा सूर, जो कुंजावाने भाता संपेपर्यंत सोडला नव्हता. सूर विझला तेव्हा त्याने हात उलटा करून गुडघ्यावर ठेवला.

वेलायुधनने पेला खाली ठेवला.

अलवी डेकपाशी वाकून काट्याकडे बघत होता. तो उठून पोक्करच्या अगदी समोर आला, ओठ दिसतील असा. "इक्का," म्हणाला, "मी काटा आणि तुमचं बोट दोन्ही बघत होतो. दोन ठिकाणी काटा चुकला."

पोक्करने वाकून अंगठ्याची वायर सोडवायचा प्रयत्न केला. बोटांना जमेना. चातू आला, खाली बसला आणि सोडवायला लागला.

"कधीपासून माहीत आहे?" पोक्करने विचारलं.

चातूने मान वर केली. ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "बकरीदपासून. सगळ्यांनाच. ती दुबईची कॅसेट तू पास केलीस ना. ती इतकी ताणलेली होती, की गाणारी बाई मध्येच बाप्या व्हायची. तू म्हणालास, उत्तम."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"गाणं चालू होतं," चातू म्हणाला.

पोक्करने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर कावळ्यांच्या चोची उघडमीट करत होत्या. एवढे महिने त्याने जे लपवलं ते अकरा जणांनीही त्याच्यापासून लपवलं होतं, आणि ते त्याच्यापेक्षा चांगलं लपवलं होतं. रागवावं का काय करावं त्याला समजेना. रागवायलाही जोर लागतो.

"कान आता दुसरा बघा," तो शेवटी म्हणाला. "अलवीला करा."

"माझा?" अलवीने हात झटकले. "रेडिओच्या खरखरीत आयुष्य गेलं, इक्का. मला फाटलेलं आणि नवं सारखंच."

"मग वेलायुधन."

"तो झोपतो," चातू म्हणाला. "आत्ता जागा राहिला तो आवाज नव्हता म्हणून." वेलायुधन काहीतरी शिवी पुटपुटला, ती पोक्करला ओठांवरून अर्धीच कळली. चातूने वायर सोडवली आणि अलवीच्या हातात दिली. "लाव रे. परत लाव तेच. मला माझा खोकला ऐकायचाय."

"एक गाणं दोनदा लावत नाहीत. नियम आहे," पोक्कर म्हणाला.

"एकदाच तर लावतोय. मघाशी कुठे लागलं होतं?"

चातूने पोक्करला काखेत हात घालून उठवलं, खोलीभर चालवत नेलं आणि स्पीकरसमोर पाटावर बसवलं. तळवा उचलून फणसाच्या लाकडावर ठेवला. स्वतः मागे बाकड्यावर बसला, गुडघे पोक्करच्या दोन्ही बाजूंना, जसा लॉरीच्या कडेला बसायचा तसा. दोन हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. ते खांदे आता मऊ पडले होते, मधला मांसाचा गोळा मात्र तसाच, पोत्याने घडवलेला.

उजव्या खांद्यावर दोन टिचक्या.

अलवीने बटण दाबलं. लाकडात पेटी उठली आणि तळव्यात शिरली. वरचे सूर लाकडात येत नाहीत, ते चातूच्या बोटांनी खांद्यावर आले. चातूला ताल कधीच धड कळला नाही. कुंजावा वर गेला की त्याची बोटं घाई करायची, खाली आला की रेंगाळायची. पोक्करने एकदा मान हलवून सांगितलं, हळू. चातू हळू झाला. टेपमधली हातगाडी गेली, ती चातूने कोपराने दाखवली.

पहिलं कडवं. धृपद. दुसरं कडवं संपलं, कुंजावा थांबला, लाकूड शांत झालं.

तिथे चातूने पोक्करच्या दोन खांद्यांच्या मध्ये, बरोबर मणक्यावर, उघड्या पंजाने एक थाप मारली.

जुनी सवय. पाठ आपोआप सरळ झाली.